नाक फुगतं, पण लेन्समुळे नाही

‘पोर्ट्रेटसाठी ८५ मिमीची लेन्सच घ्या, वाइडने (मिमीचा आकडा लहान, म्हणून जास्त रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्सने) नाक फुगतं’ हा सल्ला नवा कॅमेरा घेणाऱ्याला हमखास मिळतो. नाक फुगतं हे खरं, पण फुगवतं ते अंतर. २८ मिमीच्या वाइड लेन्सने चेहरा फ्रेमभर हवा म्हणून आपण पार तोंडाशी जातो. नाक ३० सेंटीमीटरवर, कान ४२वर. मग कानाच्या मानाने नाक ४० टक्के मोठं उमटणारच. २ मीटरवर हाच फरक ६ टक्के उरतो. तिथूनच २८ आणि ८५ने एकेक फोटो काढा, २८चा क्रॉप करून, म्हणजे कडा कापून चेहरा तेवढाच ठेवून, शेजारी ठेवा. चेहरा तोच! (फ्रेमच्या कडेचं डोकं वाइडमध्ये ताणलं जातं, ती गोष्ट वेगळी.) फिल्मवर मात्र एवढा क्रॉप केला की नुसता ग्रेन, म्हणजे फिल्मचे दाणे, दिसतो, तिथे ८५चे पैसे वसूल होतात.