सिग्नलला कोण दिसते?

चौकातला दिवा किती सेकंद हिरवा ठेवायचा, हा प्रश्न वरवर निव्वळ गणिताचा वाटतो. पूर्वी अभियंते कधीतरी गाड्या मोजून वेळापत्रक ठरवीत आणि पुढे रहदारी कितीही बदलली तरी तेच चालू राही. रिकाम्या चौकात लाल दिव्यापुढे ताटकळलेल्या कोणालाही त्यातला वेडेपणा पटेल. १९७०च्या दशकात सिडनीत विकसित झालेल्या ‘स्कॅट्स’ या सिग्नल-प्रणालीने रस्त्यात पुरलेल्या तारांच्या वेटोळ्यांवरून वाहनांची चाहूल घेत दिव्यांच्या वेळा बदलायला सुरुवात केली. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गमधल्या नऊ चौकांत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांची ‘सरट्रॅक’ ही प्रणाली बसवण्यात आली. तिच्यात प्रत्येक चौक स्वतःचा आराखडा पुन्हापुन्हा नव्याने आखतो आणि आपण किती गाड्या पुढे सोडणार आहोत, हे शेजारच्या चौकाला कळवतो. चाचणीत प्रवासाचा वेळ सुमारे २५ टक्क्यांनी आणि थांबण्याचा वेळ सुमारे ४० टक्क्यांनी घटला.

पण थांबण्याचा वेळ कोणाचा? अशा प्रणालीला कमीत कमी करण्यासाठी एक राशी द्यावी लागते आणि खरा निर्णय तिथेच होतो. प्रत्येक वाहन सारखे मोजले, तर पन्नास प्रवाशांची बस आणि एकट्या चालकाची मोटार यांना एकच वजन मिळते. माणसे मोजली, तर बसला प्राधान्य मिळते. आणि संवेदकाला पायी चालणारा दिसतच नसेल, तर त्याचे ताटकळणे हिशेबात शून्य ठरते. यातला कोणता पर्याय बरोबर, हे यंत्र शिकून सांगू शकत नाही, कारण तो प्रश्न रस्ता कोणाचा असा आहे.

न दिसणाऱ्यांची हीच अडचण बॉस्टनच्या ‘स्ट्रीट बम्प’ या अॅपमध्येही होती. गाडीत ठेवलेल्या फोनला बसणाऱ्या हादऱ्यांवरून ते खड्डे शोधत असे. कल्पना सुरेख होती, पण जिथे स्मार्टफोन आणि गाड्या कमी, तिथले खड्डेही कमी नोंदले जाण्याचा धोका होता.

गुन्हा कुठे घडेल याचे भाकीत करून पोलिसांची गस्त ठरवणाऱ्या यंत्राच्या बाबतीत चूक अधिक घातक होते, कारण ती स्वतःलाच पोसते. गस्त जिथे जास्त, तिथे गुन्ह्यांची नोंद जास्त. त्या नोंदींवर शिकलेले संगणकीय प्रारूप (मॉडेल) पुन्हा तिथेच गस्त पाठवते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या अमली पदार्थविषयक नोंदी अशा प्रारूपाला पुरवल्या, तेव्हा त्याने आधीच कडक पहारा असलेल्या वस्त्यांकडेच बोट दाखवले. प्रत्यक्षात अमली पदार्थांचा वापर शहरभर बराच समान पसरलेला असल्याचे आरोग्य सर्वेक्षणावर आधारित अंदाज सांगत होते. भाकितांवर आधारित गस्त सुरुवातीच्या काळातच स्वीकारणाऱ्या सांता क्रूझ शहराने २०२० मध्ये तिच्यावर बंदी घातली.

बंदी हा एक मार्ग झाला, दुसरा उघडपणाचा. अॅमस्टरडॅम आणि हेलसिंकी या शहरांनी २०२० मध्ये आपण वापरत असलेल्या अल्गोरिदमच्या सार्वजनिक नोंदवह्या सुरू केल्या. प्रणाली कशासाठी आहे, कोणती माहिती वापरते आणि तिच्यावर माणसाची देखरेख कशी आहे, हे त्यांत नागरिकाला वाचता येते. माझ्या मते प्रत्येक शहराच्या अशा वहीत आणखी एक रकाना ठळकपणे हवा: यंत्राला नेमके काय कमी किंवा जास्त करायला सांगितले आहे आणि त्या हिशेबात पायी चालणाऱ्याचे, बसमधल्या प्रवाशाचे आणि मोटारचालकाचे वजन किती धरले आहे.