पिंजरा बदलला की भीती का परतते?

"मोबाइलवर बोलून कुठे मन बरं होतं का?" ऑनलाइन थेरपीचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. पुरावा मात्र वेगळं सांगतो. २०२२ साली 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधली एक चाचणी प्रसिद्ध झाली. अपघात किंवा हल्ल्यासारख्या एकाच घटनेनंतर पीटीएसडी (भयंकर अनुभवानंतर मागे राहणारा मानसिक आजार) जडलेले, सौम्य ते मध्यम त्रासाचे १९६ रुग्ण तिच्यात होते. काहींना थेरपिस्टसमोर १२ पर्यंत बैठका मिळाल्या. बाकीच्यांना इंटरनेटवरचा कार्यक्रम आणि थेरपिस्टचे जेमतेम तीनेक तास. १६ आठवड्यांनी ऑनलाइन गट मागे पडलेला नव्हता.

हे समजून घ्यायला भीती मेंदूत कशी बसते आणि कशी शमते, ते पाहायला हवं. मला या विषयातला सगळ्यात विलक्षण वाटणारा प्रयोग उंदरांवरचा आहे.

एका पिंजऱ्यात उंदराला सूर ऐकवायचा आणि लगेच पायांना विजेचा हलका झटका द्यायचा. थोड्याच वेळात नुसत्या सुरानेही उंदीर जागच्या जागी थिजतो. हे शिकणं मेंदूतल्या अमिग्डाला या भागात घडतं. मग त्याला वेगळ्या वासाच्या, वेगळ्या भिंतींच्या दुसऱ्या पिंजऱ्यात न्यायचं आणि झटका न देता तोच सूर पुन्हा पुन्हा ऐकवायचा. थिजणं हळूहळू थांबतं. आता त्याला पहिल्या पिंजऱ्यात परत ठेवून सूर वाजवला, तर तो पुन्हा थिजतो! मार्क बाउटन या शास्त्रज्ञाने हा परिणाम वर्षानुवर्षं अभ्यासला. त्याचा अर्थ असा, की जुनी आठवण शाबूत होती. तिच्या शेजारी 'हा सूर आता निर्धोक आहे' अशी दुसरी आठवण तयार झाली होती, पण ती प्रामुख्याने दुसऱ्या पिंजऱ्याशी बांधलेली होती.

ही दुसरी आठवण ब्रेकसारखी काम करते. मेंदूच्या पुढच्या बाजूच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सच्या एका भागातून निघालेला संदेश अमिग्डालाजवळच्या इंटरकॅलेटेड पेशींच्या पुंजक्यांना चेतवतो. या पेशी गाबा हे रसायन सोडतात आणि अमिग्डालाच्या मध्यवर्ती केंद्रकाला दाबून धरतात. थिजण्याचा, छाती धडधडण्याचा हुकूम सुटतो तो याच केंद्रकातून. ब्रेक कुठे लावायचा आणि कुठे नाही, हे ठरवण्यात मेंदूतल्याच हिप्पोकॅम्पस या भागाचा मोठा वाटा असतो, कारण आपण कुठल्या जागी आहोत याची नोंद तो ठेवतो.

माणसाचा पहिला पिंजरा पुष्कळदा घरच असतो. लहानपणी घरात मार खाल्लेली बाई थेरपिस्टच्या खोलीत सगळं शांतपणे सांगू शकते, पण घरी नवऱ्याने दार जरा जोरात लावलं की तिचं अंग थिजतं. "एवढं काय झालं?" असं तो विचारतो, ती गप्प होते, आणि दोघंही याला स्वभावाचा दोष समजून भांडत राहतात.

इथेच ऑनलाइन थेरपीचं मोल मला सर्वाधिक वाटतं. निर्धोकपणाची नवी आठवण त्याच घरात, त्याच आवाजांच्या सोबतीने रुजू शकते. हे वरच्या प्रयोगांवरून मी बांधलेलं अनुमान आहे. जोडीदाराला सोबत घेतल्याचा फायदा मात्र मोजलेला आहे: कँडिस मॉन्सन यांच्या गटाने ४० जोडप्यांवर केलेली चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तिच्यात एकत्र उपचारांनी पीटीएसडीची लक्षणं कमी झाली, शिवाय रुग्णांचं नात्यातलं समाधानही वाढलं. अशा उपचारांचं छोटं रूप पुढे अमेरिकेतल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या जोडीदारांना घरबसल्या व्हिडिओवरून दिलं गेलं.

जुनी आठवण शाबूत राहते, म्हणूनच "ट्रॉमा कायमचा पुसून देतो" म्हणणाऱ्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नका. बाहेरची बाधा समजून उतारे टाकण्यात रुग्णाचे मोलाचे महिने जातात. संमोहनातून पूर्वजन्मात नेणं तर धोक्याचंच आहे, कारण तशा सूचनांनी खोट्या आठवणी तयार होऊ शकतात.

एक अट मात्र महत्त्वाची. मारणारा माणूस आजही त्याच घरात असेल, तर ती भीती खरी आहे आणि ती शमवण्याचा प्रयत्न करू नये. शेजारच्या खोलीतून तो ऐकत असताना व्हिडिओ कॉल करणंही धोक्याचं. आधी सुरक्षित जागा हवी. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन त्यासाठीच आहे. मानसिक त्रासासाठी ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या सरकारी टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो, आणि तिथे मराठीतही बोलता येतं.