घसा बरा झाल्यानंतरचा आजार

घशाचा संसर्ग रेंगाळला की टॉन्सिलभोवती पू साचून गळू होते, कान फुटतो किंवा मानेतल्या गाठी सुजतात, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक होते, कारण हे उपद्रव घशाच्या आसपास आणि घसा दुखत असतानाच दिसत. खरी गुंतागुंत, म्हणजे सांधे आणि हृदयाला सूज आणणारा संधिवाताचा ताप, मात्र घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी सुरू होई, आणि मधले ते निवांत दिवसच वैद्यांची दिशाभूल करत राहिले.

विल्यम वेल्स यांनी 1812 मध्ये संधिवाताच्या तापासोबत होणाऱ्या हृदयविकाराचे वर्णन केले आणि फ्रान्समध्ये बुयो यांनी 1836 मध्ये हा संबंध अधिक ठामपणे मांडला. सांधे आणि हृदय असे जोडले गेले, तरी घसा त्या साखळीबाहेरच होता. रुग्णाचे हृदय तपासण्याची वेळ येई, तेव्हा घशात सहसा काहीच उरलेले नसे. त्यामुळे आधीच्या घसादुखीला कारण न मानता किरकोळ योगायोग समजले जाई. बिलरोट यांनी 1874 मध्ये साखळीसारख्या जंतूंना स्ट्रेप्टोकोकस हे नाव दिले, पण घशातला कोणता जंतू निरुपद्रवी आणि कोणता घातक, हे त्यावरून ठरत नव्हते. रिबेका लान्सफिल्ड यांनी 1933 मध्ये या जंतूंचे गट पाडले, आणि या तापामागचा अ गट वेगळा ओळखता येऊ लागला. त्याच सुमारास या जंतूविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे जंतूशी लढण्यासाठी शरीराने बनवलेली प्रथिने, रक्तात मोजता येऊ लागली, म्हणजे घशातून निघून गेलेल्या जंतूचा माग रक्तात सापडू लागला. माझ्या मते या इतिहासातले खरे वळण हेच आहे.

हृदयाची हानी जंतू तिथे पोहोचल्यामुळे होत नाही, तर जंतूशी लढणारी शरीराची प्रतिकारयंत्रणा झडपांच्या पेशींवरही उलटते म्हणून होते, असे आज मानले जाते. मधल्या आठवड्यांचे कोडे त्याने सुटते, कारण ती यंत्रणा चेतायला तेवढा वेळ लागतो. अमेरिकेतील वायोमिंगच्या फोर्ट वॉरन तळावर 1949 नंतर सैनिकांवर झालेल्या अभ्यासांत असे दिसले की स्ट्रेप्टोकोकसच्या घसादुखीवर पेनिसिलिन दिल्यास संधिवाताचा ताप बहुतांशी टळतो, आणि उपचार सुरू व्हायला नऊ दिवसांपर्यंत उशीर झाला तरी हा लाभ मिळतो. तोंडाने घ्यायच्या पेनिसिलिनचा दहा दिवसांचा क्रम घसादुखी थांबल्यावरही पूर्ण करायला डॉक्टर सांगतात, तो यासाठीच. बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते आणि तिला प्रतिजैविक लागत नाही, म्हणून आधी तपासणी महत्त्वाची असते.

याच जंतूनंतर मूत्रपिंडांनाही सूज येऊ शकते. लघवी कमी व गडद होते, चेहरा सुजतो. ही गुंतागुंत पेनिसिलिनने खात्रीने टाळता येत नाही, आणि मुलांमध्ये ती बहुधा आपोआप निवळते.