उपस्थितीची वेलांटी

अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका डीटीपीवाल्याकडे भाचीच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ बघत होतो. वळणदार सुलेखनी फॉन्ट, सोनेरी फॉइल, सगळं झकास. फक्त ‘उपस्थिती प्रार्थनीय’मधली पहिली वेलांटी अर्ध्या ‘स’च्या डोक्यावरच थांबलेली, ‘थ’च्या दांड्यापर्यंत पोचलेलीच नाही. ‘‘काका, फॉन्टच तसा आहे,’’ ऑपरेटर म्हणाला.

खरं होतं त्याचं. हाताने लिहिणारा जोडाक्षराची रुंदी बघून वेलांटी टाकतो. संगणकाकडे मात्र ‘उपस्थिती’साठी युनिकोडचे (प्रत्येक अक्षरखुणेला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीचे) आठ संकेत असतात: उ, प, स, हलन्त, थ, ऱ्हस्व वेलांटी, त, दीर्घ वेलांटी. म्हणजे वेलांटी साठवली जाते ‘थ’नंतर आणि दिसायला हवी ‘स’च्या आधी. तिला उचलून पुढे आणायचं काम सॉफ्टवेअर करतं. पण तिची कमान किती लांब, हे फॉन्ट करणाऱ्यानेच ठरवायचं. त्याने निरनिराळ्या रुंदीच्या वेलांट्या काढायच्या आणि कुठल्या जोडाक्षराला कुठली, याचे नियम फॉन्टमध्ये लिहायचे. कंटाळा केला की एकच वेलांटी सगळ्यांच्या डोक्यावर.

रोमन लिपीतही हा खटाटोप आहेच. जर्मन अक्षररचनाकार हेरमान झाप्फ यांच्या १९९८च्या ‘झाप्फिनो’ या सुलेखनी फॉन्टात एकाच अक्षराची अनेक रूपं आहेत, कारण माणसाचा हात तेच अक्षर दोनदा हुबेहूब काढत नाही.

नक्कल मात्र जपून करावी. इंग्रजी पत्रिकांवरच्या नाजूक वळणांमागे टोकदार, लवचीक स्टीलचं निब आहे. दाब दिला की रेघ जाड होते. आपला बोरू तिरका कापलेला. त्यात जाडी ठरते रेघेच्या दिशेवरून: वर उजवीकडून खाली डावीकडे येणारी रेघ भरदार. रुंद निबाच्या रोमन सुलेखनात नेमकं उलट. हे न कळता काढलेली देवनागरी मला तरी कायम उसन्या कपड्यांतली वाटते.

आणि असे फॉन्ट मोठ्या आकारातच शोभतात. बारीक केले की केसासारखी रेघ फॉइलमध्ये उतरेलच असं नाही. अक्षरांतलं अंतर वाढवलं की शिरोरेषेला दातांसारख्या फटी पडतात. कार्यालयाचा पत्ता तर साध्या, ठसठशीत अक्षरांतच हवा. पाहुण्यांना पोचायचं असतं.

ऑपरेटरने माऊसने वेलांटी ओढून पाहिली. लांबली, पण मधेच रोडावली. शेवटी ती ओळ साध्या फॉन्टात घेतली आणि नखरा वधूवरांच्या नावांपुरता ठेवला. नशिबाने दोघांच्याही नावात वेलांटी नव्हती.