तेल निवळतं, विष पेंडीत उरतं

1960 मध्ये इंग्लंडमध्ये काही महिन्यांत एक लाखाहून जास्त टर्की पक्षी दगावले. साथीचा रोग म्हणावा तर जंतू सापडेना, म्हणून त्याला ‘टर्की एक्स’ असं नाव पडलं. माग काढत काढत मंडळी पोचली ती खाद्यातल्या, ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपाशी. पेंडीत ॲस्परजिलस फ्लेवस या बुरशीनं तयार केलेलं विष होतं. तेच अफ्लाटॉक्सिन.

हे विष तेलात फारसं विरघळत नाही. त्यामुळे गाळपात त्याचा बहुतांश भाग चोथ्यातच अडकतो. तेलात थोडं उतरलंच, तर शुद्धीकरणातल्या क्षारप्रक्रियेत जवळपास निघून जातं. दाण्याच्या वजनात साधारण निम्मं तेल असतं. ते निघून गेलं की तेवढंच विष निम्म्या वजनात उरतं, म्हणजे त्याची तीव्रता जवळजवळ दुप्पट होते. शिवाय खाण्यासाठी निवडताना बाजूला काढलेले सुरकुतलेले, किडके, काळपट दाणे बरेचदा गाळपालाच जातात. विषाचा वाटाही त्यांच्यातच जास्त.

गाळपातल्या उष्णतेनं बुरशी मरते, पण विष टिकतं. त्यामुळे बुरशी दिसत नाही, वासही येत नाही, म्हणून पेंड चांगली, या हिशेबात काही अर्थ नाही.

खरी पंचाईत नमुना घेताना होते. बुरशी सगळ्या दाण्यांना सारखी लागत नाही. अतिशय दूषित दाण्यात किलोमागे दहा लाख मायक्रोग्रॅम इतक्या तीव्रतेचं विष आढळलेलं आहे. असा अर्ध्या ग्रॅमचा एकच दाणा घ्या: त्यात 500 मायक्रोग्रॅम विष झालं. युरोपीय संघात दुभत्या जनावरांच्या खाद्यासाठी बी-1 या सर्वांत घातक प्रकाराची मर्यादा किलोमागे 5 मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे हा एक दाणा शंभर किलो माल मर्यादेपर्यंत नेऊ शकतो! पोत्यातून मूठभर काढून तपासलं तर तो हाती लागणार कसा? पेंड दळलेली असल्यानं विष थोडं पसरलेलं असतं एवढंच. तरी अनेक ठिकाणचे नमुने एकत्र करावेच लागतात.

गायीनं अशी पेंड खाल्ली की यकृतात बी-1 चं एम-1 या अफ्लाटॉक्सिनच्याच दुसऱ्या प्रकारात रूपांतर होतं आणि दिवसभरात ते दुधात दिसू लागतं. साधारण एक ते सहा टक्के वाटा दुधात उतरतो, जास्त दूध देणाऱ्या गायींत अधिक. दूध तापवून ते जात नाही. मात्र दूषित पेंड बंद केली की तीन-चार दिवसांत त्याचं प्रमाण झपाट्यानं घटतं.