मनगटाला पेलेल एवढाच पीळ

सागवानाच्या फळीत स्क्रू पिळताना शेवटचा अर्धा फेरा सगळ्यात अवघड. डोकं लाकडाच्या पातळीला आलं की थांबायचं. पाव फेरा जास्त झाला तर आटे लाकूड कुरतडतात आणि स्क्रू जागच्या जागी फिरत राहतो. सामता आणि गिरमिट ही हातानं फिरवायची हत्यारं वापरणाऱ्या जुन्या सुतारांना ही वेळ हातातच कळायची, कारण जोर त्यांच्याच मनगटातून जात होता. बॅटरीवरच्या ड्रिलनं तो जोर मोटरकडे सोपवला. म्हणून घरकामासाठी छोटं ड्रिल पारखताना मी आधी हे बघतो, की थांबण्याची जाण त्यात किती शिल्लक आहे.

खोक्यावरचा मोठा आकडा याबद्दल काहीच सांगत नाही. ‘१२ व्होल्ट’ लिहिलेल्या ड्रिलच्या बॅटरीत लिथियम-आयनचे तीन सेल एकापुढे एक जोडलेले असतात. नुकत्याच चार्ज केलेल्या सेलचा दाब चार व्होल्टच्या जरा वर असतो, म्हणून बारा. काम सुरू झालं की तो ३.६ च्या आसपास येतो आणि तिथे बराच वेळ टिकतो, म्हणजे तिघांचे मिळून १०.८. मोठ्या भावंडांचंही तसंच: पाच सेलांच्या बॅटरीवर कुणी १८ लिहितं, कुणी २०.

त्यापेक्षा ऊर्जा मोजावी. १०.८ व्होल्ट गुणिले २ अँपिअर-अवर म्हणजे २१.६ वॅट-अवर, सुमारे ७८ हजार ज्यूल. आता ४० मिलिमीटरचा एक स्क्रू घेऊ. दर फेऱ्याला तो २ मिलिमीटर आत जात असेल तर वीस फेरे लागतील. सरासरी २ न्यूटन-मीटर पीळ (फिरवण्याचा जोर, म्हणजे टॉर्क) धरला तर काम होतं सुमारे २५० ज्यूल. मोटर आणि गिअर मिळून निम्मी ऊर्जा उष्णतेत घालवतात असं मानलं, तरी एका चार्जिंगमध्ये दीडशे स्क्रू बसतात. अंदाजी हिशेब आहे हा, पण पुस्तकांचं एखादं कपाट जोडायला एवढं पुरून उरतं.

दुसरा आकडा पिळाचा. ३० न्यूटन-मीटर म्हणजे मीटरभर लांब दांड्याच्या टोकाला तीन किलोचं वजन टांगल्यावर आसाला बसेल तेवढा पीळ. जाहिरातीतला हा आकडा बहुधा ‘कडक’ सांध्यावर मोजलेला असतो. लोखंडावर लोखंड आवळताना सगळं एका क्षणात अडतं आणि फिरत्या मोटरचा संवेगही त्या झटक्यात भर घालतो. लाकडात अडथळा हळूहळू वाढतो, तिथे हा झटका मिळत नाही. माहितीपत्रकात ‘सॉफ्ट’ शब्दापुढे छापलेला दुसरा, बराच लहान आकडा असेल, तर लाकूडकामासाठी तोच वाचा.

आणि पीळ जास्त म्हणजे चांगला, हेही खरं नाही. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानं ड्रिलच्या टोकाला बसवलेल्या बिटला जेवढा पीळ मिळतो, तेवढाच उलटा पीळ मुठीला बसतो. तुमची पकड आसापासून १२ सेंटिमीटरवर असेल आणि बिट गाठीत अडकून ३० न्यूटन-मीटरचा झटका आला, तर हातावर सुमारे २५० न्यूटन बल येतं, म्हणजे पंचवीस किलोंच्या पोत्याची ओढ. शिडीवर उभं राहून एका हातानं काम करताना ही ओढ मनगट मुरगाळू शकते. शंभर न्यूटन-मीटरच्या वरच्या ड्रिलना दुसऱ्या हातासाठी बाजूचा दांडा देतात तो याचसाठी. घरातल्या बिजागऱ्या, फळ्या, कड्या-कोयंडे यांना एवढ्या पिळाची गरजच नसते.

थांबण्याची जाण यंत्रात दोन ठिकाणी असते, खटक्यात आणि क्लचमध्ये. १८९५ साली जर्मनीत फाइन कंपनीनं हातात धरायचं विजेचं ड्रिल केलं, ते सुमारे साडेसात किलोंचं होतं. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली खटका या रचनेचं पेटंट ब्लॅक अँड डेकरला १९१७ साली मिळालं आणि बॅटरीवरचं ड्रिलही त्यांनीच १९६१ मध्ये आणलं. आजच्या खटक्यामागचं इलेक्ट्रॉनिक सर्किट मोटरचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून वेग ठरवतं. दुकानात खटका अगदी हलके दाबून पाहा. चक, म्हणजे बिट धरणारा पुढचा जबडा, घड्याळाच्या सेकंदकाट्यासारखा सावकाश हलला पाहिजे. झटक्यात गरकन फिरला तर ते ड्रिल मी तरी घेणार नाही.

क्लच म्हणजे चकामागचं आकडेवालं कडं. आत गिअरच्या बाहेरच्या रिंगवर उंचवटे असतात आणि स्प्रिंगनं दाबलेल्या गोळ्या ती रिंग रोखून धरतात. पीळ ठरल्यापेक्षा वाढला की गोळ्या उंचवट्यांवरून उडतात, कट्‌कट् आवाज येतो आणि बिट थांबतं. हे आकडे न्यूटन-मीटरचे नसतात, शिवाय दर ड्रिलचे वेगळे. म्हणून सागाचा एक तुकडा घ्या, सारख्या अंतरावर दहा भोकं पाडा आणि खालच्या आकड्यापासून वर जात नेमका आकडा शोधा. मग त्याच आकड्यावर दहाही स्क्रू पिळा. सगळी डोकी एका पातळीत आली तर क्लच चांगला. हीच परीक्षा प्लायवूडवर आणि एमडीएफवर (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीवर) घ्या. एमडीएफ फसवं असतं, आधी घट्ट वाटतं आणि मग एकदम पिठासारखं सुटतं.

भोकं मात्र एकसारखी हवीत. ४ मिलिमीटरच्या स्क्रूला सागात साधारण अडीच मिलिमीटरचं बिट चालतं. भोक न पाडताच कडेला स्क्रू घातला तर लाकूड रेषेत चिरतं. सागात सिलिका असते, त्यामुळे बिटाची धार लवकर जाते, आणि बोथट बिटाचा दोष पुष्कळदा बिचाऱ्या ड्रिलच्या माथी येतो.

गिअर दोन असतात. पहिल्यात मिनिटाला चारेकशे फेरे आणि जास्त पीळ, दुसऱ्यात हजाराच्या वर फेरे आणि कमी पीळ. बारीक भोकांना दुसरा, स्क्रूला आणि रुंद चपट्या बिटाला पहिला. रुंद बिट दुसऱ्या गिअरवर रेटलं की मोटर अडते, प्रवाह वाढतो आणि सगळी वीज तारांच्या वेटोळ्यात उष्णता होऊन बसते. जळकट वास आला की हात काढा. ब्रशलेस मोटरमध्ये कार्बनच्या ब्रशचं घर्षण नसतं, ती कमी तापते आणि जास्त चालते. पैसे परवडत असतील तर घ्यावी.

शेवटी भिंत. लाकडाचे तंतू धारेनं कापले जातात. काँक्रीट कापलं जात नाही, ते ठोक्यांनी फोडावं लागतं, आणि हॅमर नसलेल्या ड्रिलमध्ये ठोका नाही. फ्लॅटच्या आरसीसी बीममध्ये पडद्याचा दांडा बसवायचा असेल तर एका दिवसासाठी रोटरी हॅमर भाड्यानं आणा, आणि भोकं पडून प्लग बसले की ब्रॅकेटचे स्क्रू पिळायला छोटं ड्रिल हातात घ्या, क्लच खालच्या आकड्यावर ठेवून.