दहा ग्रॅम वाढवले आणि ड्रायव्हर ‘हलका’ झाला

माझ्या एका मित्राने हौसेने स्वतःच्या मापाचा गोल्फ ड्रायव्हर, म्हणजे लांब फटका मारायचा क्लब (गोल्फची काठी), जोडून घेतला. डोकं एका कंपनीचं, दांडा दुसरीचा, मूठ तिसरीची. आठवडाभरात तो त्याला जड वाटू लागला. शेवटच्या चार-पाच होल्सपर्यंत हात थकायचे, डोकं मागे रेंगाळायचं आणि चेंडू उजवीकडे जायचा. तो कारागिराकडे परत गेला. कारागिराने मुठीच्या टोकात १० ग्रॅमचं पितळी वजन बसवलं, क्लब काट्यावर ठेवला आणि म्हणाला, “आधी डी ४ होता, आता दीडवर आला. अडीच अंकांनी हलका झाला.” मित्र खूश होऊन मैदानावर गेला. चेंडू उजवीकडेच जात राहिला.

वजन वाढवल्यावर वस्तू हलकी कशी होईल, असं त्याने मला विचारलं आणि मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. या प्रश्नात यंत्रशास्त्रातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट दडलेली आहे.

आधी त्या काट्याविषयी. १९२० च्या दशकात रॉबर्ट ॲडम्स यांनी ‘स्विंगवेट’चा काटा बनवला. शाळेतली तरफ आठवा. मुठीच्या टोकापासून १४ इंचांवर टेकू असतो. टेकूपलीकडे डोकं आणि दांड्याचा बराचसा भाग, अलीकडे मूठ. डोक्याकडची बाजू किती जोराने खाली जाते, एवढंच हा काटा मोजतो. ए ते जी अशी अक्षरं, प्रत्येक अक्षरात ० ते ९ अंक. पुरुषांचे ड्रायव्हर साधारण डी २ च्या आसपास असतात. एक अंक म्हणजे जवळजवळ ५० ग्रॅम-इंच.

४५ इंची ड्रायव्हरमध्ये डोक्याचं वजन टेकूपासून सुमारे ३० इंचांवर येतं. तिथे २ ग्रॅम वाढवले की ६० ग्रॅम-इंच, म्हणजे एक अंक आणि वर थोडं. मुठीच्या टोकाचं वजन टेकूच्या उलट्या बाजूला, १३ इंचांवर. तिथे १० ग्रॅम बसवले की १३० ग्रॅम-इंच वजा. अडीच अंक उतरले! काटा अचूक होता आणि कारागिराचं वाचनही बरोबर होतं. मात्र क्लब काट्यावर स्थिर पडलेला असतो आणि आपण तो फिरवतो.

आता एक साधी हातोडी घ्या. दांड्याच्या टोकाला धरून मनगटाने झटपट डावी-उजवीकडे फिरवा. मग उलटी करा, लोखंडी डोकं मुठीत धरा आणि तसंच फिरवून बघा. हातोडी तीच, वजन तेच. पहिल्या वेळी मनगट कुरकुरतं, दुसऱ्या वेळी दांडा काडीसारखा नाचतो. फिरण्याला वस्तू जो विरोध करते त्याला जडत्व-आघूर्ण म्हणतात आणि तो काढताना प्रत्येक कणाचं वस्तुमान आसापासूनच्या अंतराच्या वर्गाने गुणायचं असतं. काटा अंतराने गुणतो, हात अंतराच्या वर्गाने. सगळी मौज या वर्गात आहे. लांबचा कण फिरताना वेगाने जातो म्हणून अंतर एकदा मोजायचं. त्याला वेग द्यायला लागणारं बल लांबच्या तरफेवरून द्यावं लागतं म्हणून तेच अंतर पुन्हा एकदा.

ड्रायव्हरचं डोकं साधारण २०० ग्रॅमचं, मुठीच्या टोकापासून ११२ सेंटिमीटरवर. ११२ चा वर्ग १२,५४४. दोनशेने गुणा: सुमारे २५ लाख ग्रॅम-चौरस सेंटिमीटर. ६० ग्रॅमचा दांडा अडीच लाखांची भर घालतो. एकूण साडेसत्तावीस लाख. मुठीच्या टोकातलं ते पितळी वजन टोकापासून २ सेंटिमीटर आत. दोनचा वर्ग चार, गुणिले दहा: चाळीस.

साडेसत्तावीस लाखांत चाळीसची भर! हात टोकाभोवती फिरत नाहीत, मनगटाचा आस थोडा खाली असतो, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे. आस १० सेंटिमीटर खाली धरला तरी हे वजन त्यापासून ८ सेंटिमीटरवर येतं आणि चाळीसचे ६४० होतात. मित्राच्या मनगटांना फिरवायला लागणारा ड्रायव्हर जवळजवळ होता तसाच राहिला. वर उचलायला १० ग्रॅम जास्त झाले ते वेगळेच. काही खेळाडूंना मुठीकडचं वजन आवडतं, हाताला स्थिर वाटतं म्हणतात, आणि त्या अनुभवाशी माझं भांडण नाही. पण थकलेल्या मनगटांसाठी तो उपाय नव्हे.

हेच वर्गाचं गणित डोक्याकडे लावा. तिथला एकेक ग्रॅम साडेबारा हजारांचा. डोक्यातला ६ ग्रॅम कमी केला तर ७५ हजार जातात, म्हणजे पावणेतीन टक्के. हाताला हे लगेच कळतं.

इथे हमखास शंका येते: डोकं हलकं केलं तर चेंडू जवळ पडेल ना? जड डोकं म्हणजे लांब फटका, ही समजूत फार पक्की आहे. टक्कर अर्ध्या मिलिसेकंदात संपते. चेंडू जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा आणि नियमांनी उसळीचा गुणांक ०.८३ वर बांधलेला. संवेगाचं गणित मांडलं तर २०० ग्रॅमचं डोकं सेकंदाला ४० मीटर वेगाने आलं की चेंडू ५९.५ मीटर वेगाने सुटतो. डोकं २१० ग्रॅमचं केलं, वेग तोच ठेवला, तर ६०. दहा ग्रॅमची कमाई सेकंदाला अर्धा मीटर! आणि जड डोक्यामुळे स्विंगचा वेग एक टक्क्याने जरी उतरला तरी तीही गेली. वजनाचे खेळ लांबीसाठी करायचेच नसतात. चेंडू फळीच्या, म्हणजे डोक्याच्या चेंडूवर आदळणाऱ्या सपाट बाजूच्या, मध्यावर सापडावा म्हणून करायचे असतात.

म्हणून ‘वजन बदला, वीस यार्ड मिळवा’ अशा जाहिरातींवर विश्वास ठेवू नका. मनगटात घालायच्या ‘ऊर्जा संतुलित करणाऱ्या’ कड्यांवर तर अजिबात नको. त्या कड्याचा क्लबवर होणारा परिणाम त्याच्या वजनाएवढाच. जाहिरातीतल्या ‘हाय एमओआय’ने (एमओआय म्हणजे जडत्व-आघूर्णच) आणखी एक घोटाळा होतो. तो आकडा डोक्याच्या स्वतःच्या उभ्या आसाभोवतीचा असतो, नियमाने ५,९०० ग्रॅम-चौरस सेंटिमीटरपर्यंत, आणि चेंडू मध्यावर बसला नाही तर डोकं किती कमी वळेल ते सांगतो. आपल्या साडेसत्तावीस लाखांशी त्याचा संबंध नाही.

डोक्यातलं वजन आडवं सरकवण्याबद्दल थोडक्यात. २००४ मध्ये टेलरमेडच्या आर ७ क्वाडमध्ये हलवता येणारे चार स्क्रू आले आणि ही सोय सर्वांच्या हाती आली. १० ग्रॅमचा स्क्रू डोक्याच्या टोकाकडून (दांड्यापासून लांबच्या बाजूकडून) टाचेकडे (दांड्याजवळच्या बाजूकडे) ५ सेंटिमीटर सरकवला तर २०० ग्रॅमच्या डोक्याचा गुरुत्वमध्य अडीच मिलिमीटर सरकतो. मग फळीच्या मध्यावर बसलेला चेंडूही गुरुत्वमध्याच्या टोकाकडच्या बाजूला बसतो. डोकं किंचित एका दिशेला वळतं आणि एकमेकांत अडकलेल्या दातेरी चाकांसारखा चेंडू उलट दिशेने फिरतो. उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू यामुळे थोडा डावीकडे झुकतो.

मित्राच्या ड्रायव्हरमधून आम्ही पितळी वजन काढलं. डोक्यामागचा १२ ग्रॅमचा स्क्रू काढून ६ ग्रॅमचा लावला, टॉर्क रेंचने कट्ट आवाज येईपर्यंत. काट्यावर तो डी ४ वरून डी शून्याच्या जवळ आला. या वेळी काटा आणि मनगट दोघांचं एकमत होतं. गुरुत्वमध्य फळीकडे मिलिमीटरभर सरकला, तेवढी स्थिरता कमी झाली आणि ती किंमत आम्ही जाणूनबुजून मोजली. हे सगळं फेरी सुरू होण्याआधी करावं लागतं. फेरीत क्लबचे गुण मुद्दाम बदलून तो वापरायला नियमात मनाई आहे.

मग फळीवर पायाच्या पावडरचा पातळ फवारा मारला आणि त्याला वीस चेंडू मारायला लावले. दर फटक्यानंतर पांढऱ्या पावडरीत चेंडूचा गोल ठसा उमटायचा; तो मी कागदावर टिपून घ्यायचो आणि फळी पुसून पुन्हा फवारायचो. जुन्या स्क्रूच्या वेळचे वीस ठसे मी आधीच टिपले होते, फळीभर विखुरलेले. नव्या कागदावरचे चौदा ठसे एका नाण्याखाली झाकले गेले.